सरासरी रिवॉर्ड सांगण्याआधी एपिसोड मोजावेत

नांदेडच्या महाविद्यालयातील प्रयोगशाळेत आठ वर्करांवर (एकाच वेळी अनुभव गोळा करणाऱ्या प्रक्रियांवर) चालणाऱ्या आपल्या प्रशिक्षणाबद्दलचा प्रश्न थोडक्यात असा आहे: जायकवाडीसारख्या धरणातून रोज किती पाणी सोडावे हे शिकणाऱ्या एजंटचा (निर्णय घेणाऱ्या प्रोग्रामचा) सरासरी रिवॉर्ड (निर्णयांबद्दल मिळणारे गुण) पहिल्या इटरेशनला (प्रशिक्षणाच्या फेरीला) फारच कमी दिसतो, दुसऱ्या इटरेशनला एकदम उसळी घेतो, आणि लर्निंग रेट (शिकण्याचा वेग) शून्य ठेवला तरी ही उसळी तशीच राहते, तर दोष अल्गोरिदमचा की लॉगचा? दोष लॉगचाच आहे. अधिक नेमके सांगायचे तर सरासरीत कोणते एपिसोड धरले जातात, हे तपासलेले नाही.

आपला एक एपिसोड म्हणजे ३६५ दिवसांचे एक वर्ष, आणि प्रत्येक वर्कर दर इटरेशनला २०० पावले (एक पाऊल म्हणजे एक दिवस) गोळा करून लर्नरकडे, म्हणजे एजंटला शिकवणाऱ्या मध्यवर्ती प्रक्रियेकडे, पाठवतो. साठा मृतसाठ्याला टेकला की एपिसोड तिथेच संपतो (जायकवाडीच्या सुमारे १०२ टीएमसीपैकी २६ टीएमसी मृतसाठाच असल्यामुळे अवर्षणाच्या वर्षी ही वेळ लवकर येते). पहिल्या २०० पावलांत पूर्ण वर्ष संपणे शक्यच नाही. तेवढ्यात संपतात ते फक्त धरण लवकर रिकामे करून बसलेले एपिसोड, आणि मागणी भागवल्याबद्दल रोज रिवॉर्ड मिळत असल्यामुळे त्यांची बेरीजही तोकडीच असते. दुसऱ्या इटरेशनला वर्करांची पावले ४०० वर जातात, पूर्ण वर्षे प्रथमच हिशेबात येतात आणि आलेख चढतो. यात शिकणे काहीच नाही. आठही वर्कर एकाच वेळी सुरू केल्यामुळे पूर्ण वर्षे पुढेही झुंडीने संपतात आणि काही काळ आलेख करवतीसारखा दिसतो. आरएललिब या प्रशिक्षणाच्या लायब्ररीत मूळ सेटिंगनुसार शेवटच्या १०० एपिसोडांची चालती सरासरी दाखवली जाते. त्याने दाते बोथट होतात, पण सुरुवातीचा कल जात नाही. ज्या इटरेशनला एकही एपिसोड संपला नाही, तिथे शून्य न लिहिता जागा रिकामी ठेवावी आणि शेजारी संपलेल्या एपिसोडांची संख्या ० अशी नोंदवावी.

आपल्या कोडमध्ये दुसरी अडचण दिसते ती सरासरींच्या सरासरीची. समजा, एका वर्करने १० एपिसोड पूर्ण केले आणि त्यांची सरासरी ४० आली. दुसऱ्याने २ पूर्ण केले, त्यांची सरासरी १००. दोन्ही सरासरींची सरासरी ७० भरते, पण बाराही एपिसोडांची बेरीज ६०० असल्यामुळे खरी सरासरी ५० आहे. म्हणून वर्करने सरासरी न पाठवता बेरीज आणि संख्या पाठवावी, आणि भागाकार मध्यवर्ती ठिकाणी एकदाच करावा. मात्र आपण प्रत्येक वर्करला वेगळी पर्जन्यमालिका नेमून दिली असेल, तर कोरड्या मालिकेच्या वर्करचे छोटे एपिसोड संख्येने जास्त होतील आणि ५० हा आकडाही त्याच बाजूला झुकलेला असेल. अशा वेळी मालिकानिहाय सरासरी स्वतंत्र नावाने नोंदवणे मला अधिक प्रामाणिक वाटते. पर्सेंटाइलची तर सरासरी काढूच नये. कच्च्या किमती पाठवाव्यात, किंवा सर्वांसाठी समान गट ठरवून त्यांतील संख्या पाठवाव्यात.

एकूण पावलांसारखे चढते आकडे जपण्याची रीत वेगळी आहे. लॅबमधली लाईट जाऊन वर्कर पुन्हा सुरू झाला की त्याचा स्वतःचा काउंटर शून्यावर येतो, आणि केंद्राने वर्करांच्या काउंटरांची बेरीज घेतली असेल तर एकूण पावले अचानक घटलेली दिसतात. वर्करने केवळ गेल्या वेळेनंतरची वाढ अनुक्रमांकासह पाठवावी, केंद्राने तोच अनुक्रमांक दुसऱ्यांदा आल्यास तो सोडून द्यावा, आणि एकूण आकडा चेकपॉइंटसोबतच (प्रशिक्षणाच्या साठवलेल्या स्थितीसोबतच) जतन करावा. वेळेची मात्र अशी बेरीज करू नये. आठ वर्कर एकाच वेळी १० सेकंद राबले तर घड्याळात १० सेकंदच गेलेले असतात. वेग काढताना सर्वांची पावले मिळवून घड्याळी वेळेने भागावे, आणि समकालिक पद्धतीत सर्वांत संथ वर्करची वेळ वेगळी दाखवावी, कारण बाकीचे त्याच्यासाठीच थांबलेले असतात.

आलेखाच्या आडव्या अक्षावर इटरेशन नको, एन्व्हायर्नमेंटची एकूण पावले हवीत. उद्या आठाचे सोळा वर्कर केले तर एका इटरेशनचा अर्थ दुप्पट होईल. असिंक्रोनस (वर्कर एकमेकांसाठी न थांबणाऱ्या) पद्धतीकडे वळणार असाल, तर प्रत्येक एपिसोडसोबत तो सुरू होताना आणि संपताना पॉलिसीची (एजंटच्या निर्णय घेण्याच्या नियमाची) कोणती आवृत्ती होती हेही नोंदवावे. वर्करची पॉलिसी लर्नरच्या मागे राहते, आणि २०१८ मध्ये मांडलेल्या इम्पाला या असिंक्रोनस प्रशिक्षण पद्धतीतील व्ही-ट्रेस ही दुरुस्ती याच अंतरासाठी आहे. पण व्ही-ट्रेस लर्नरचे गणित सांभाळतो, आपल्या आलेखातला जुन्या पॉलिसीचा रिवॉर्ड तो बदलत नाही.

प्रकल्प अहवालात छापायचा आकडा प्रशिक्षणाच्या प्रवाहातून घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी वेगळे वर्कर ठेवून वेट्स (शिकलेले आकडे) गोठवावेत, एक्सप्लोरेशन (मुद्दाम वेगळे निर्णय करून पाहणे) बंद करावे आणि पर्जन्यवर्षांची ठरावीक यादी प्रत्येक वेळी पूर्ण चालवावी. त्या यादीत २०१५ चे दुष्काळी वर्ष हवे आणि गोदावरीला महापूर आला ते २००६ ही हवे. दोघांचे रिवॉर्ड एकाच सरासरीत न मिसळता वेगळ्या ओळींत द्यावेत, आणि प्रत्येक ओळीत एपिसोड किती दिवस टिकला हा रकाना ठेवावा. प्रशिक्षणासाठी रिवॉर्ड नॉर्मलाइज केलेला (ठरावीक मापात आणलेला) असेल, तर या तक्त्यात मूळ, न बदललेला रिवॉर्डच लिहावा.