इअरमफ घातला की हॉर्न ऐकू येत नाही, मग काढायचा का?

प्रश्न : भोसरीला प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनवर) आहे, वय ४६. दिवसभर ठणाठण चालूच. कंपनीने इअरमफ दिलेत पण ते घातले की मागून फोर्कलिफ्ट आलेली कळतच नाही, परवा ड्रायव्हर हॉर्न मारून मारून वैतागला आणि मी आपला स्क्रॅपची ट्रॉली ढकलतोय. तेव्हापासून एक कान उघडा ठेवतो तर सुपरवायझर ओरडतो. काय करू?

उत्तर : भाऊ, आधी तो कान झाका. आवाज कुठून येतोय हे कळायला दोन्ही कान सारखे लागतात, त्यामुळे एक उघडा ठेवून हॉर्न ऐकू आला तरी गाडी डावीकडून की उजवीकडून ते कळणार नाही, आणि तो कान जाईल ते वेगळंच.

मफने हॉर्नच दाबला जातो असं सगळ्यांना वाटतं. पण मफ प्रेसचा आवाज आणि हॉर्न दोन्ही खाली आणतो, मधला फरक बऱ्यापैकी तसाच राहतो. ज्याचे कान धड आहेत त्याला ९० डेसिबलच्या कल्ल्यात मफ घालूनही हॉर्न तेवढाच ऐकू येतो, कधीकधी उलट जास्त स्वच्छ. तुम्हाला येत नाही म्हणजे मला कानाचीच शंका येते. कल्ल्याने कान जातो तो आधी ४००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे बारीक, उंच सुरांना जातो, गप्पा ऐकू येतात म्हणून लक्षात येत नाही, फक्त घरचे टीव्ही कमी करा म्हणायला लागतात. त्यात मफ बारीक आवाज जास्त खातो आणि खर्जातला कमी, म्हणजे किंचाळणारा हॉर्न तुमच्यापर्यंत पोचता पोचता दोनदा कापला जातो.

ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून मागा, सकाळी शिफ्टच्या आधी, रात्रभर कान शांत राहिल्यावर. आवाजाने आलेला बहिरेपणा कायद्याने कळवायच्या आजारांच्या यादीत आहे, निघाला तर कंपनीला कळवावंच लागतं, त्यामुळे टाळाटाळ झाली तरी सोडू नका.

हॉर्नचंही बघायला सांगा. आयएसओ ७७३१ हे धोक्याच्या इशाऱ्यांचं आंतरराष्ट्रीय मानक म्हणतं की इशारा आजूबाजूच्या आवाजापेक्षा निदान १५ डेसिबल वर हवा, आणि मफवाले किंवा कमी ऐकणारे असतील तर १५०० हर्ट्झच्या खाली, म्हणजे जाड सुरांत, पुरेसा दम हवा. आता शॉपमध्ये ९५ असेल तर हॉर्न ११० चा लागेल, तोच कान फोडेल! म्हणून फोर्कलिफ्टवर फिरता दिवा आणि चालायची वेगळी पट्टी हवीच, नुसत्या हॉर्नवर भागत नाही.

आणि सगळ्यात भारी मफ मागू नका. आत ७५-८० डेसिबल राहिले की पुष्कळ, ७० च्या खाली गेलं की विहिरीत बसल्यासारखं होतं, मग माणूस तो काढूनच टाकतो. ३० डेसिबल कमी करणारा मफ ८ तासांत अर्धा तास जरी काढला तरी फायदा १२ डेसिबलवर येतो.

प्रश्न : आमच्या गोडाऊनमध्ये रिव्हर्सची पीं पीं दिवसभर चालू, आता कुणी मान वर करत नाही. उपाय?

उत्तर : ताई, पाच गाड्या एकाच सुरात पीं पीं करतात तेव्हा कुठली मागे येतेय ते कुणालाच कळत नाही. 'खश्श खश्श' करणारे ब्रॉडबँड (एका सुराऐवजी अनेक सूर मिसळलेले) अलार्म मिळतात, त्यांची दिशा चटकन कळते आणि लांबच्यांना त्रास कमी. आधी एका गाडीला लावून बघा, मॅनेजरला खर्च पटवायला सोपं जाईल.