न्यूक्लिओमॉर्फ शिकतोस? आधी पडदे मोज

भाऊ, नावं पाठ करत बसू नको, वहीवर पडदे काढ. साध्या हिरव्या शेवाळाच्या हरितलवकाले दोन पडदे असतात, क्रिप्टोमोनास या एकपेशीय शेवाळाच्या लवकाले चार, अन् बाहेरचे दोन अन् आतले दोन याच्या मधात जी फट राहते ना तिथंच ते उरलंसुरलं केंद्रक, म्हणजेच न्यूक्लिओमॉर्फ, बसलं असते (मी परीक्षेत अगदी आतमध्ये दाखवलं अन् मार्क गेले, तू तसं करू नको). कधीकाळी एका पेशीनं अख्खं लाल शेवाळ गिळलं पण पचवलं नाही, त्याचंच हे केंद्रक. क्लोरॅराक्निओफाइट या दुसऱ्या एकपेशीय जीवांमध्ये गिळलेलं शेवाळ हिरवं होतं, म्हणजे प्रकरणं दोन, मिसळू नको. तरी गंमत पाय, दोघांच्या न्यूक्लिओमॉर्फातही गुणसूत्रं तीनच उरली! गिलार्डिया थीटा (क्रिप्टोमोनासचाच नातलग) याच्या न्यूक्लिओमॉर्फचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, २००१ मध्ये पूर्ण वाचला, जेमतेम साडेपाच लाख बेसजोड्या.

अन् मामा तलावाचं (गावच्या जुन्या मालगुजारी तलावाचं) पाणी बाटलीत आणून कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली न्यूक्लिओमॉर्फ शोधू नको बाप्पा. तपकिरी-हिरवं, दोन शेपट्यांचं क्रिप्टोमोनास सुळकन पळताना दिसलं तर नशीब, बाकीच्यासाठी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे फोटोच पाय. क्लोरॅराक्निओफाइट तर समुद्रातले, आपल्या तलावात कुठून सापडतील.