मावशीचं स्वयंपाकघर : उपवासकाळातली तुमची पत्रं

प्रश्न : मावशी, राखेच्या बुधवारपासून, म्हणजे आपला ख्रिस्ती लोकांचा ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाल्यापासून, आमच्याकडे मटण-चिकन बंद, सासूबाई म्हणतात मासेही नकोत. चौथ्या दिवशीच नवरा ताट बघून तोंड वाकडं करतो, मुलं विचारतात आज पण डाळ का. रोज काय करू? नोकरीमुळे वेळही नसतो. – एक वाचक, नालासोपारा

मावशी : अगं, चौथ्या दिवशी तोंड वाकडं करणारा माणूस आमच्या घरी पण आहे, तीस वर्षं झाली, अजून तसाच आहे! पण खरं सांगू का, त्यांना मटण आठवत नसतं, मटणातला मसाला आणि खोबरं आठवत असतं. आपण काय करतो, उपवासकाळ आला की बॉटल मसाल्याची, म्हणजे बाटलीत भरून ठेवलेल्या आपल्या घरच्या मिश्र मसाल्याची, बाटली कपाटात मागे ढकलतो आणि हळद-मिठाची भाजी वाढतो, मग कोण खाणार. मसाल्याला बंदी नाहीये गं.

शुक्रवारी रात्री बिरडं कर. पाव किलो कडवे वाल बुधवारी रात्री भिजत घाल, गुरुवारी सकाळी ऑफिसला निघताना उपसून फडक्यात बांधून ठेव, शुक्रवारी सकाळी मोड आलेले असतात. संध्याकाळी घरी आलीस की अर्धा तास कोमट पाण्यात टाक आणि मुलांना बसव सोलायला. दोन बोटांत दाबला की दाणा सटकन उडतो, निम्मे फ्रीजखाली जातात ते सोड, पण पोरं अर्धा तास मोबाईल विसरतात आणि स्वतः सोललेलं असलं की खातात पण.

मग तेलात मोहरी, हिंग, पाच-सहा लसूण पाकळ्या ठेचून, एक कांदा लाल होईपर्यंत, हळद, दोन चमचे बॉटल मसाला, त्यावर वाल. कुकरला लावू नकोस, पार पीठ होतं. झाकणावर पाणी ठेव, तेच गरम झालेलं पाणी लागेल तसं आत ओत, पंधरा-वीस मिनिटांत दाणा बोटाने चेपतो. शेवटी अर्ध्या नारळाचं वाटण, चार सोलं (आमसुलं), गुळाचा खडा. गरम भात किंवा तांदळाची भाकरी. पाच माणसांना पुरतं.

बाकीच्या दिवशी शेवग्याच्या शेंगांची आमटी, चवळी, कच्च्या केळ्याची भाजी. मार्चमध्ये कुयरी, म्हणजे कोवळा फणस, मिळते, हाताला आणि सुरीला तेल लावून मगच चिर नाहीतर चीक दोन दिवस जात नाही. हिच्यातच बटाटा आणि तोच मसाला घातला की नवरा गप्प बसतो, अनुभवाने सांगते.

प्रश्न : पण मासे चालतात ना? आणि अंडी? घरात रोज वाद होतो. – एक वाचक, आगाशी

मावशी : चर्चच्या नियमात वर्ज्य आहे ते मांस, आणि तेही राखेच्या बुधवारी आणि शुक्रवारी. मासे, अंडी, दूध चालतं. चाळीस दिवस सगळंच सोडायचं ही घराघराची रीत, त्यामुळे सासूबाईंशी भांडू नका. मांस न खाण्याचा नियम १४ वर्षांपासून पुढे, आणि उपवास म्हणजे एकच पोटभर जेवण अधिक दोन वेळा थोडंसं, तो १८ ते ५९ वयाच्या लोकांना, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे असे दोनच दिवस. आजारी माणसाला, गरोदर बाईला सूट आहे. १९ मार्च, संत योसेफाचा सण, शुक्रवारी आला तर त्या दिवशी मांसाची बंदी नसते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

फक्त एक, शुक्रवारी मटण नको म्हणून पापलेट आणायचं आणि वर कोळंबीचं लोणचं, हा उपवास मला काही पटत नाही, नियमात बसत असला तरी.

प्रश्न : मावशी, मी पुण्यात पीजीमध्ये राहतो. रूममेट म्हणतो उपवास आहे तर साबुदाणा खिचडी खा, भात-पोळी कशी चालते? काय सांगू त्याला? – एक विद्यार्थी

मावशी : त्याने दिली तर खिचडी खा बाबा, पीजीत कोण शेंगदाण्याचं कूट घालून देतं! त्याला सांग की त्याच्या उपवासात काय खायचं ते ठरलेलं असतं, आपल्यात मांस सोडायचं आणि कमी जेवायचं एवढंच, भात, पोळी, डाळ, कांदा-लसूण सगळं चालतं. मेसवाल्याला आधीच सांगून ठेव, कारण काही ठिकाणी व्हेज पुलावात पण चिकनच्या स्टॉकची वडी टाकतात.

गुड फ्रायडेला घरी येणार असशील तर आईला म्हणावं पेज टाक. आमच्याकडे त्या दिवशी दुपारी क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेहून उन्हातून आलं की उकड्या तांदळाची पेज आणि ठेचलेली कैरी, मीठ लावून. बस.