नववीतल्या मुलाला ‘कोल्हाट्याचं पोर’ वाचायला द्यावं का?

द्या, पण आधी तुम्ही स्वतः वाचा. डॉ. किशोर शांताबाई काळे यांचं हे आत्मकथन 1994 साली ग्रंथालीने काढलं. भाषा बोलल्यासारखी सरळ आहे, त्यामुळे नववीतल्या मुलाला ती अडणार नाही. जड जाईल तो मजकूर. आई कोल्हाटी समाजातली, तमाशात नाचणारी, वडिलांचं नाव नाही, म्हणून लेखक आईचंच नाव लावतो. तो वाढतो आजोळी. बाईच्या नाचण्यावर घरातले पुरुष बसून खातात आणि त्याच घरात हे पोर पडेल ते काम करत, बोलणी खात शिकतं, पुढे डॉक्टर होतं. ‘गरिबीतून वर आलेला मुलगा’ एवढ्यावरच त्याला हे पुस्तक देऊ नका, तो त्यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग आहे. आईवरचं प्रेम आणि ती सोडून गेल्याचा राग, दोन्ही एकाच वेळी कसे नांदतात, हे इथे फार खरं उतरलंय. एक मात्र आहे, वयात येणाऱ्या मुलींच्या शोषणाचे उल्लेख उघड आहेत. तेवढ्या पानांवर त्याच्याशी बोलायची तयारी नसेल, तर दहावीनंतर दिलंत तरी चालेल.