उत्तर: एलियन अर्थ काळाकुट्ट दिसतंय म्हणून पॅनल बदलू नका (आणि तुमच्या थिअरीबद्दल)

तुम्ही लिहिलंय की एलियन: अर्थ या सिरीजचे पहिले दोन एपिसोड बघितले, जहाजातलं निम्मं काही दिसलंच नाही, सर्व्हिसवाला म्हणतो टीव्हीचं पॅनल गेलंय, आणि वर दोन प्रश्न विचारलेत, मॅजिनो या अवकाशजहाजावरची माणसं कशी मेली ते आपल्याकडे कापलंय का आणि २१२० मध्ये हे प्राणी पृथ्वीवर पडले तर २१२२ मध्ये घडणाऱ्या जुन्या एलियन सिनेमात (१९७९) कुणालाच काही कसं माहीत नाही. शिवाय वेंडी एलियन होईल अशी थिअरीही मांडलीत. पॅनलचं वाचलं आणि राहवलं नाही, कारण हे सगळं मी भोगलंय. आधी तेच सांगते, थिअऱ्या मग. स्पॉयलर फक्त पहिल्या दोन एपिसोडचे आणि १९७९ च्या सिनेमाचे.

इंटरनेट स्पीड, अ‍ॅप अपडेट, प्लॅन कुठला आहे हे तुम्ही बघितलं असेलच, त्यात जात नाही.

२०१९ च्या एप्रिलमध्ये गेम ऑफ थ्रोन्सची ती रात्रीच्या लढाईची एपिसोड आली होती. जगभर लोक ओरडत होते की काही दिसत नाही, आणि तिचा कॅमेरामन फॅबियन वॅगनर म्हणाला की लोकांना टीव्ही नीट सेट करता येत नाही. आमच्याकडे तर सिरीजच काय, कुठलाही रात्रीचा सीन म्हणजे काळा पडदा आणि त्यात चौकोन चौकोन. टीव्ही वॉरंटीबाहेर गेलेला, म्हणून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला (कंपनीचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही). पहिला आला त्याने पेन ड्राइव्हवरून फुलं आणि मोरांचा डेमो लावला, म्हणाला मॅडम पिक्चर एकदम क्लिअर आहे. मी म्हटलं अहो अंधाराचा सीन लावा, तर म्हणे आम्हाला डेमोच लावायला सांगितलंय, व्हिजिट चार्ज द्या. मग कंप्लेंट क्लोज झाल्याचा मेसेज. परत कंप्लेंट केली, दुसरा आला, त्याने न बघताच सांगितलं बॅकलाइट वीक झालीय, आणि टीव्ही उघडून एलईडीच्या पट्ट्या बदलल्या. बिल चांगलं जाडजूड. अंधार जसाच्या तसा! आणि थोड्या महिन्यांनी पडद्यावर पांढरे गोल डाग यायला लागले, कारण पट्टीवरच्या प्रत्येक एलईडीवर एक बारीक लेन्स चिकटवलेली असते, ती निघाली की तिथला उजेड पसरत नाही, एका जागी भपकन दिसतो. फोन केला तर पार्टची वॉरंटी संपली म्हणाले. चालता टीव्ही त्यांनी घालवला आणि दोघांपैकी एकानेही हे विचारलं नाही की तुम्ही बघता कशावरून, टीव्हीतल्या अ‍ॅपवर की एचडीएमआयला स्ट्रीमिंगची स्टिक लावून. याचा मला आजही संताप येतो.

कारण दोष तिथेच होता. व्हिडिओच्या सिग्नलमध्ये काळा रंग शून्यावर नसतो, १६ वर असतो आणि पांढरा २३५ वर. कॉम्प्युटरवाले मात्र ० ते २५५ वापरतात. स्टिक किंवा बॉक्स ०-२५५ पाठवतोय आणि टीव्ही समजतोय की १६-२३५ येतंय, तर १६ च्या खालचं सगळं सरसकट काळं होतं, म्हणजे काळोखातली भिंत, कोपरा, भिंतीला चिकटून बसलेला प्राणी, सगळं एकच. मेनूत याला कुठे एचडीएमआय ब्लॅक लेव्हल म्हणतात, कुठे आरजीबी रेंज. दोन्हीकडे एकच ठेवायचं, बस्स. हे मला कळलं तेव्हा पट्ट्या बदलून झाल्या होत्या.

तुम्ही टीव्हीतल्याच अ‍ॅपवर बघत असाल तर हे लागू नाही, मग पॉवर सेव्हिंग आणि खोलीच्या उजेडाप्रमाणे ब्राइटनेस बदलणारा सेन्सर, दोन्ही बंद करा. व्हिव्हिड मोड नको, फिल्ममेकर किंवा सिनेमा मोड लावा. टीव्ही स्वस्तातला असेल आणि त्याच्या खोक्यावर एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त फरक दाखवणारा प्रकार) लिहिलेलं असेल तर एचडीआर बंद करून बघा, कमी उजेडाच्या पॅनलवर एचडीआर उलट जास्त काळं दिसतं. डॉल्बी व्हिजन (एचडीआरचाच एक प्रकार) असेल तर डार्कऐवजी ब्राइट. मी टेक्निशियन नाही, तुमचं पॅनल खरंच गेलेलं असूही शकतं, पण गेलेलं पॅनल सहसा उजेडाच्या सीनमध्येही दिसतं, रेषा येतात, अर्धा पडदा फिका पडतो. फक्त अंधार गायब होत असेल तर आधी मेनू.

आणि सगळा दोष प्रेक्षकांवर टाकणंही मला पटत नाही. ही मंडळी अंधाऱ्या खोलीत महागड्या मॉनिटरवर रंग ठरवतात, आपल्याकडे ट्यूबलाइट चालू असते, शिवाय स्ट्रीमिंगमध्ये कॉम्प्रेशन सगळ्यात जास्त काटछाट अंधारातच करतं, त्याचेच ते चौकोन. हॉरर बनवणाऱ्यांनी तरी याचा विचार करायला हवा.

आता कापलंय का. नाही. मॅजिनोवरच्या लोकांचं मरण तसंच झटक्याझटक्यात दाखवलंय, मुद्दाम. झोपेतून उठून टेबलाभोवती जेवत गप्पा मारणारी माणसं दाखवली (हे १९७९ च्या सुरुवातीसारखंच), आणि थेट सगळं संपल्यावर आणलं. पासष्ट वर्षांच्या मोहिमेवरून पाच जातींचे प्राणी घेऊन येणारं जहाज बरोब्बर प्रॉडिजी या प्रतिस्पर्धी कंपनीच्या शहरावर, न्यू सियामवर, येऊन आदळतं आणि मधला भागच नाही, म्हणजे तो राखून ठेवलाय. माझा अंदाज, हा अपघात नाही, कुणीतरी घडवलाय, आणि पुढे एक अख्खी एपिसोड त्यावर असेल. जहाजावरचा सुरक्षा अधिकारी मॉरो, त्याच्याकडे नीट बघा. आपली माणसं मरत असताना तो स्वतःला आत बंद करून घेतो, दार उघडत नाही. लोक त्याला व्हिलन म्हणतायत, मला तो हुकमाचा माणूस वाटतो, जहाजाच्या मालक कंपनीने, वेलँड-युतानीने, माल महत्त्वाचा म्हटलं की त्याच्यासाठी विषय संपला.

२१२२ चा प्रश्न मला अजिबात अडचणीचा वाटत नाही. जुन्या सिनेमात नॉस्ट्रोमो जहाजावर सात माणसं, दोन कोटी टन खनिज ओढून आणणारे कामगार लोक. कंपनीने त्यांना कशाला सांगायचं? आणि आठवा, त्यात कॅप्टन डॅलस सांगतो की निघायच्या दोन दिवस आधी त्याचा नेहमीचा सायन्स ऑफिसर बदलून अ‍ॅशला पाठवलं. अ‍ॅश रोबो निघतो आणि त्याला हुकूम असतो की प्राणी आणायचा, माणसं गेली तरी चालतील. म्हणजे कंपनीला आधीच ठाऊक होतं. कसं ठाऊक होतं, ती रिकामी जागा या सिरीजला आता भरता येईल, २१२० मध्ये हातचे गेले म्हणून २१२२ मध्ये पुन्हा प्रयत्न. विसंगती कुठेय यात?

वेंडी एलियन होईल ही तुमची थिअरी मात्र पटत नाही. ती हायब्रिड आहे, म्हणजे मन लहान मुलीचं पण शरीर सिंथेटिक, तोंडाला चिकटणाऱ्या त्या जिवाला आत वाढवायला मांस लागतं. हायब्रिड पोरं त्याच्या दृष्टीने निरुपयोगी आहेत, म्हणून त्यांना असलेला धोका वेगळाच असेल. तिथे मी पीटर पॅन आठवायला सांगेन. प्रॉडिजीचा मालक बॉय कॅव्हेलियर आपल्या बेटाला नेव्हरलँड म्हणतो, पोरांना स्लाइटली, निब्ज, स्मी अशी नावं देतो, आणि सगळे गोड वाटून पुढे जातायत. पण पीटर पॅन लिहिणाऱ्या जे. एम. बॅरीच्या १९११ च्या कादंबरीत पीटरच्या टोळीत मोठं व्हायला मनाई असते, आणि पोरं मोठी होतायत असं दिसलं की पीटर त्यांची संख्या कमी करतो. बॅरीने हे एका वाक्यात सांगून टाकलंय. शरीर न बदलणाऱ्या या मुलांची मनं बदलतील, वेंडीला तर भाऊ हवाच झालाय, मालकाचं ऐकणं दुय्यम झालंय. ज्या दिवशी कॅव्हेलियरला पोरं हाताबाहेर जाताना दिसतील त्या दिवशी खरा हॉरर सुरू होईल, आणि त्याला एलियनची गरजही लागणार नाही.

स्लाइटली झालेला आदर्श गौरव बघा हं, द व्हाइट टायगरवाला. मोठ्या माणसाच्या अंगात लहान पोर आहे हे त्याच्या नुसत्या उभं राहण्यातून कळतं.

आणि दुसऱ्या एपिसोडमधला मांजराच्या डोळ्याच्या खोबणीतून निघणारा तो डोळ्यासारखा प्राणी, तो सेटिंग बदलल्यावर परत बघा. एका बुबुळात अनेक बाहुल्या आहेत, त्या हलतात. मला एलियनपेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली, कारण तो आधी बघतो, विचार करतो, मग झेपावतो.

डायलॉग हळू आणि शेवटचं हेवी मेटल गाणं कानठळ्या बसवणारं, असंही होत असेल तर ऑडिओ ५.१ (सहा स्पीकरसाठीचा आवाज) वरून स्टीरिओवर टाका. टीव्हीचं मॉडेल आणि स्टिक की अ‍ॅप ते लिहा, ब्लॅक लेव्हल कुठल्या मेनूत आहे ते शोधून सांगते. तोवर त्या माणसाला अ‍ॅडव्हान्स देऊ नका.