वाचकांचे प्रश्न: टायर रुंद केले की गाडी जास्त चिकटते का?

प्रश्न: सर नमस्कार, माझी रिअर व्हील ड्राइव्ह दोन सीटर स्पोर्ट्स कार आहे, चारही टायर 225/45 आर17 (म्हणजे रुंदी 225 मिमी, साईडवॉलची उंची तिच्या 45 टक्के, रिमचा व्यास 17 इंच), रिम 7.5 इंच रुंद. वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दिला की मागचं चाक थोडं सटकतं. मित्र म्हणतात फक्त मागे 255 टाक, लुक पण येतो आणि ग्रिप पण. टाकू का?

उत्तर: नमस्कार. आहे त्या रिमवर तर अजिबात टाकू नका, ते आधीच सांगतो. 255/40 आर17 ला साधारण 8.5 ते 10 इंच रुंदीची रिम लागते, 7.5 वर तो बसेल, हवाही धरेल, पण साईडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, आत दाबली जाऊन फुगीर होते आणि वळणात टायर आधी स्वतः वाकतो, मग गाडी वळते. म्हणजे पैसे खर्चून स्टेअरिंग आळशी करून घेण्यातला प्रकार.

आता मुळातली गोष्ट. रुंद टायर म्हणजे रस्त्यावर जास्त रबर असं सगळे धरून चालतात, पण ते तसं सरळ नाहीये. टायर रस्त्याला टेकतो तो पट्टा, ज्याला कॉन्टॅक्ट पॅच म्हणतात, त्याचं क्षेत्रफळ मुख्यतः त्या चाकावर वजन किती आणि आत हवा किती यावर ठरतं. रुंदी वाढवली आणि हवा तेवढीच ठेवली तर पॅच आडवा पसरतो पण लांबीला आखूड होतो, एकूण क्षेत्रफळात फार फरक पडत नाही. फायदा येतो तो आकारामुळे, आडवा आणि आखूड पॅच कमी कोनात जास्त बाजूचा जोर देतो, म्हणून स्टेअरिंग फिरवल्या फिरवल्या गाडी वळायला लागते. शिवाय घर्षणाची उष्णता जास्त रबरात वाटली जाते, त्यामुळे ट्रॅकवर लॅपमागून लॅप मारताना रुंद टायर लवकर दमत नाही आणि मऊ कंपाउंडही (रबराचं मिश्रण) टिकतं. पण हीच गोष्ट रोजच्या रस्त्यावर उलटी पडते, थंडीत, छोट्या अंतरात रुंद टायर गरमच होत नाही आणि गार रबर धरत नाही.

आणि फक्त मागेच रुंद टाकलं तर गाडीचा तोलच बदलतो. मागची पकड वाढली, पुढची तेवढीच राहिली, म्हणजे लिमिटला पुढची चाकं आधी हार मानणार, गाडी वळणात बाहेरच्या बाजूला सरळ जायला बघणार, म्हणजे अंडरस्टीअर. ज्या गाडीचा मागचा भाग थोडा हलका खेळतो म्हणून तुम्ही ती घेतली असेल तीच मग वळायला नाखूश होते. पोर्शे 911 ला मागे रुंद टायर असतात ते दिसायला छान म्हणून नव्हे, इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे आहे, तिथे वजनच तेवढं आहे. उलट टोयोटा जीटी86 बघा, 2012 साली आली ती 215/45 आर17 वर, प्रियस हायब्रिडलाही मिळायचा तोच साइझ, आणि हे मुद्दाम केलेलं होतं, कमी वेगातही गाडी सरकताना कळावी म्हणून. मला हा निर्णय फार आवडतो, कारण त्यात ड्रायव्हरचा विचार आहे, आकड्यांचा नाही.

माझं मत विचाराल तर तुम्ही आधी त्याच 225 मध्ये चांगला स्पोर्ट्स समर टायर घ्या. साध्या कंपाउंडच्या 255 पेक्षा चांगल्या कंपाउंडचा 225 कोरड्यातही जास्त धरेल, ओल्यात तर नक्कीच. सध्याच्या टायरचं वय आणि रबर किती कडक झालंय तेही बघा, खूपदा सटकण्याचं कारण तिथेच सापडतं.

एवढं करूनही रुंदच हवे असतील तर चारही चाकांना 245/40 आर17, रिम 8 ते 8.5 इंच. आधीच्या टायरचा व्यास साधारण 634 मिमी, याचा 628, म्हणजे एक टक्का कमी, स्पीडोमीटर किंचित जास्त दाखवेल, चालतं. 245/45 मात्र नको, त्याचा व्यास 652 होतो, खरा वेग दाखवतोय त्याच्यापेक्षा जास्त असणार आणि चाकावरच्या आर्चला घासण्याची शक्यताही वाढते. 8.5 ची रिम त्याच ऑफसेटला (रिमचा मध्य आणि ती गाडीला टेकते ती जागा यांतलं अंतर) घेतली तर तिची कड आत आणि बाहेर दोन्हीकडे 12.7 मिमी सरकते, तेव्हा आत शॉकॲब्सॉर्बरला आणि बाहेर फेंडरला जागा किती ते फुल स्टेअरिंग वळवून आणि सस्पेन्शन पूर्ण दाबलं जाईल अशा वजनात तपासा, नुसतं जॅकवर चाक फिरवून बघणं पुरेसं नाही. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) आणि स्पीड रेटिंग (किती वेगापर्यंत चालतो ते) कंपनीने दिलंय त्याच्या खाली जाऊ देऊ नका, 91 असेल तर एका टायरला 615 किलो, हे साइझएवढंच महत्त्वाचं आहे.

प्रश्न: पावसात रुंद टायर जास्त सेफ ना? रबर जास्त म्हणून विचारतेय.

उत्तर: नाही ताई, साठलेल्या पाण्यात उलट. रुंद टायरला समोरचं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं आणि पॅच आखूड असल्याने त्याला वेळही कमी मिळतो, म्हणून तो कमी वेगातच पाण्यावर तरंगायला लागतो. यात रुंदीइतकीच टायरच्या खाचेची खोली मोजायला हवी. 1.6 मिमी ही बऱ्याच देशांत कायद्याची किमान मर्यादा आहे, पण रुंद टायरवर मी 3 मिमीलाच बदला म्हणेन. हवा कमी असेल तर तरंगणं अजून लवकर होतं, म्हणून टायर गार असताना हवा तपासत जा.

प्रश्न: दादा मी रुंद टायर आणि बाहेर निघणाऱ्या रिम टाकल्यापासून गाडी रस्त्यावरच्या चाकोरीत आपोआप ओढली जाते, हात सतत स्टेअरिंगवर घट्ट ठेवावा लागतो. टायर खराब निघाले का?

उत्तर: टायर बहुतेक ठीकच असतील. रुंद ट्रेड (रस्त्याला टेकणारा भाग) आणि कडक आखूड साईडवॉल रस्त्याच्या प्रत्येक उताराला प्रतिसाद देतात. त्यात तुमच्या रिम बाहेर निघाल्यात, म्हणजे चाक ज्या रेषेभोवती वळतं तिच्यापासून टायरचा मध्य बाहेर गेला, आता एका चाकाला खड्डा किंवा ब्रेक लागला की तो धक्का सरळ स्टेअरिंगला येतो. ऑफसेट कंपनीच्या जवळ नेणं हाच खरा इलाज. तोवर व्हील अलाइनमेंट करून घ्या, पुढचा टो (पुढची चाकं आत की बाहेर वळलेली आहेत ते) नीट बघायला सांगा, आणि सस्पेन्शनचे बुश व बॉल जॉइंट तपासा, अरुंद टायरवर त्यांची झीज लपून राहिलेली असते ती अशा वेळी बाहेर पडते. अजून एक लक्षात ठेवा, आधीच्या टायरवर पकड सुटायच्या आधी स्टेअरिंग हलकं पडून इशारा द्यायचं, आता तो इशारा बारीक झालाय आणि सुटणं जास्त अचानक येतं, म्हणून सवय होईपर्यंत मोकळ्या जागेत किंवा ट्रॅकवरच लिमिट शोधा.

प्रश्न: मायलेज आणि पिकअप कमी होतं का?

उत्तर: होतं, थोडं. चाक जड होतं, हवा जास्त अडते, रोलिंग रेझिस्टन्सही (टायर फिरताना होणारा विरोध) बहुधा वाढतो. रिम हलकी फोर्ज्ड (धातू दाबून घडवलेली) घेतली तर वजनाचा भाग बराचसा भरून निघतो, बाकीचं निघत नाही.