थांब्यावरच्या गप्पांविषयी, ग्रुपमधल्या धाकट्यास

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. दिवाळीच्या आठवड्यात ग्रुपच्या सायकल राइडला यावे की घरीच ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी सायकल चालवायच्या स्टँडवर, पाय मारावेत, असे तू विचारले आहेस, आणि त्यामागचे कारणही आडपडदा न ठेवता लिहिले आहेस. बोपदेव घाट चढून सासवड गाठेपर्यंत सगळे छान चालते, पण तिथे चहाला टेकलो की पाऊण तास चकलीच्या भाजणीत, कोणाच्या तरी सासूबाईंच्या गुडघ्यात आणि मुलांच्या दहावीत जातो, पाय गार पडतात, सरासरी वेग घसरतो, आणि 200 किलोमीटरच्या बीआरएमची (ठरावीक मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडची) तयारी करणाऱ्याला हे परवडत नाही, असे तुझे म्हणणे आहे. पाऊण तास जास्तच होतो, हे मला मान्य आहे आणि ते मी इतरांच्याही कानावर घालणार आहे. मात्र त्या गप्पांना तू ‘फालतू’ म्हटले आहेस, त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

गेल्या रविवारी अनारशांचा विषय निघाला होता, तो आठव. तांदूळ तीन दिवस भिजवून रोज पाणी बदलले की नाही, गूळ कोणता घेतला, आणि तरीही कढईत कोणाचे अनारसे हसले, असे सगळे रंगात आले असताना आपल्यातला एक जण, जो दरवर्षी न चुकता घरचे अनारसे घेऊन येतो, एवढेच म्हणाला की आमच्याकडे यंदा काही नाही. तू त्याला हसत विचारलेस, ‘का, डाएट का?’ त्यात तुझा वाईट हेतू नव्हता, हे सर्वांना कळले. परंतु ज्या घरात वर्षभरात कोणी गेलेले असते, त्या घरात पहिल्या दिवाळीला कढई चढवत नाहीत. फराळ येतो तो शेजाऱ्यांकडून आणि नातेवाइकांकडून. त्याचे वडील श्रावणात गेले. तो स्वतःहून हे कधीच बोलला नसता, कारण माणसे घाटाच्या चढावर किंवा व्हॉट्सॲपवर असल्या गोष्टी सांगत नाहीत. चहाचा कप हातात असताना, दुसऱ्याच कशाविषयी बोलता बोलता, अर्ध्या वाक्यात त्या बाहेर पडतात. परतीच्या वाटेवर दिवे घाट उतरताना दोघे जण त्याच्या मागेपुढे राहिले होते, हे तुझ्या लक्षात आले असेल तर त्याचा अर्थ आता तुला लागेल. रात्री झोप न झालेल्या माणसाला त्या उतारावर एकटे सोडायचे नसते.

थांब्यावर जेवणाखाण्याचे बोलणे चालू असते तेव्हा प्रत्यक्षात आपण एकमेकांची हजेरी घेत असतो. कोणी साखरेचा चहा सोडला, कोणी दोन वडापावांवरून एकावर आला, कोणाच्या घरी आई दवाखान्यात असल्यामुळे डबा बाहेरून येतो, कोणाची रात्रपाळी लागली आहे, हे सारे त्या पाऊण तासात कळते, आणि पुढच्या चाळीस किलोमीटरला वाऱ्याच्या तोंडी कोणी राहायचे व आडोशाला कोणाला घ्यायचे, हे त्यावरूनच ठरते. राइडची नोंद ठेवणाऱ्या तुझ्या स्ट्राव्हा ॲपवर यातले काहीही उमटत नाही.

कार्तिकी एकादशीच्या सुमारास निम्म्या ग्रुपचा उपास असतो, तेव्हाही हेच लक्षात ठेव. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही चेष्टा ज्याचा उपास आहे त्यानेच करायची. आपण करायची नाही. साबुदाणा म्हणजे बहुतांश पिष्टच, त्यामुळे शेंगदाण्याचे कूट घातलेली बशीभर खिचडी खाऊन निघालेला माणूस सहसा दमत नाही. लक्ष ठेवावे लागते ते नुसत्या चहावर निघालेल्याकडे आणि मीठही वर्ज्य करणाऱ्याकडे. त्याच्याशी उपासाच्या शास्त्रीयतेवर वाद घालू नकोस. पाणी प्यायले का एवढे विचार, आणि चढावर त्याच्यापुढे सायकल काढू नकोस.

आता तुझ्या दुसऱ्या सवयीविषयी. कोणी करंजी पुढे केली की एका करंजीसाठी किती किलोमीटर चालवावे लागेल, हे तू मोठ्याने मोजतोस. तुझा हिशेब बरोबर असेलही, पण जिने पहाटे चारला उठून सारण भरले, मुरड घातली, तिच्या घरचा डबा समोर उघडा असताना तो मोजायचा नसतो. शिवाय सायकलस्वाराने असा हिशेब मांडणे शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही अपुरे आहे. आपल्या स्नायूंत आणि यकृतात मिळून साधारण 400 ते 500 ग्रॅम ग्लायकोजेन साठवलेले असते आणि जोरात सायकल चालवली तर दीड-दोन तासांत ते बरेचसे संपते. म्हणूनच लांबच्या राइडमध्ये तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदके पोटात जात राहावीत असे सांगतात. सणाच्या दिवशी दुपारी खाल्लेली पुरणपोळी, म्हणजे गहू, हरभऱ्याची डाळ आणि गूळ, ही दुसऱ्या दिवशी पहाटेच्या चढाची उत्तम शिदोरी आहे. चूक होते ती वेळेची: वर तुपाची धार घेतलेले जेवण पोटातून सावकाश पुढे सरकते, त्यामुळे जेवून तासाभरात सॅडलवर बसणाऱ्याला कात्रजचा जुना बोगदा गाठेपर्यंत आंबट ढेकर सुरू होतात. सणाच्या दिवशी पहाटे सायकल, दुपारी जेवण आणि त्यानंतर निवांत वामकुक्षी, हा क्रम जुन्या लोकांनी अनुभवाने बसवलेला आहे.

जर्सीच्या मागच्या खिशात काय टिकते, हेही तुला याच गप्पांतून कळेल, कारण त्यावर आपल्याकडे मतभेद तीव्र आहेत. चिवडा निरुपयोगी आहे. एका हाताने खाता येत नाही आणि तेलकट बोटे ब्रेकवर घसरतात. चकलीचा पहिल्याच खड्ड्यात चुरा होतो. बेसनाचा लाडू चविष्ट खरा, पण कोरड्या घशात टाळूला चिकटतो आणि अर्धी बाटली पाणी संपवतो. अनारशाची खसखस हातमोज्यांत शिरते आणि आठवडाभर निघत नाही. शंकरपाळ्याला तोड नाही: मैदा, साखर आणि तूप, आकार एका घासाचा, मोडला तरी फरक पडत नाही. संक्रांतीला गुळाची पोळी हे स्थान घेते, कारण ती चार दिवस सहज टिकते आणि घडी करून कागदात गुंडाळता येते. दूध घालून मळलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आपले पूर्वज बैलगाडीने लांबचे प्रवास करीत होते. परदेशी एनर्जी जेलच्या पाकिटावर पैसे घालवण्यापूर्वी एकदा घरी विचारून पाहा, एवढेच म्हणेन. (लोणावळ्याच्या राइडला मात्र काही नेऊ नकोस. तिथे चिक्की मिळत असताना खिसा भरणे हा अपमान आहे.)

बीआरएमचा विषय तूच काढला आहेस, म्हणून लिहितो. 200 किलोमीटरला साडेतेरा तास असतात, म्हणजे ताशी 15 किलोमीटरपेक्षाही कमी सरासरी पुरते. परंतु घड्याळ थांब्यावरही चालू असते, त्यामुळे वेगापेक्षा थांबे आटोपशीर ठेवणे महत्त्वाचे ठरते. तिथे तू गप्पा पंधरा मिनिटांत उरकायला शिकशील. गप्पा नकोतच असे मात्र तुला वाटणार नाही, कारण सूर्य मावळल्यावर शेवटच्या साठ किलोमीटरमध्ये शेजारी चालणाऱ्या अनोळखी माणसाशी तू काय बोलणार आहेस? पगार आणि राजकारण यांवर पहिल्या भेटीत बोलू नये. घरी आज काय केले होते, हे कोणालाही विचारता येते. याच प्रकारातली सर्वांत जुनी परंपरा सांगणारी फ्रान्समधली पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस 1891 साली सुरू झाली, आता ती दर चार वर्षांनी होते आणि 1200 किलोमीटरला 90 तासांची मुदत असते. तिथेही गावोगावची माणसे रात्रीबेरात्री रस्त्याकडेला टेबल मांडून कॉफी, सूप आणि धिरड्यासारखे क्रेप देतात, आणि काही ठिकाणी पैशांऐवजी घरी पोहोचल्यावर एक पोस्टकार्ड पाठवा म्हणतात. त्या शर्यतीच्या नावाने 1910 साली चाकाच्या आकाराची एक पेस्ट्रीही तयार झाली. ज्या प्रकारासाठी तू थांबे टाळतो आहेस, त्याची कीर्ती थांब्यांमुळेही आहे.

प्रश्नाचे उत्तर असे. नरकचतुर्दशीला राइड नाही. सूर्योदयापूर्वी अभ्यंगस्नान आणि मग घरच्यांबरोबर फराळ, त्यात सवलत मागू नकोस. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, अंधारात निघायचे नाही, कारण पहाटे फटाक्यांचा धूर खाली बसलेला असतो आणि शहरातल्या रस्त्यांवर फुलबाज्यांच्या जळक्या तारा पडलेल्या असतात, त्या टायरमध्ये सरळ घुसतात. उजाडल्यावर निघू, दोन ट्यूब जवळ ठेव. भाऊबीजेला ज्यांना बहिणीकडे जायचे आहे त्यांच्यासाठी छोटी राइड असेल आणि साडेआठला सगळे घरी परततील. थांबा वीस मिनिटांचा, हे मी आजच ग्रुपवर टाकतो.

पाडव्याला येताना तुझ्या आईला सांगून दोन डबे घे. एक सर्वांसाठी. दुसरा त्याच्या हाती दे, बाकीच्यांसमोर नको, सायकली लावताना बाजूला घेऊन दे आणि डबा परत करण्याची घाई नाही म्हणून सांग. रिकामा डबा परत देऊ नये अशी आपल्याकडे रीत असल्यामुळे तो काहीतरी भरून देण्याच्या विवंचनेत पडेल, आणि यंदा त्याच्या घरी भरायला काही नाही. अनारसे नकोत, ते त्याच्या वडिलांना आवडत असत. शंकरपाळे चालतील.

तुझा,
काका